वर्डमधल्या टेबलच्या लपलेल्या रेषा कशा दाखवायच्या?

कोपरखैरण्याच्या तुमच्या सोसायटीचं मेंटेनन्स बिल आधीच्या सेक्रेटरींनी वर्डमध्ये करून ठेवलंय, टेबल आहे पण रेषा दिसत नाहीत आणि काही बदललं की रकमा खालीवर होतात, असं तुम्ही लिहिलंय. फाइल नव्याने करू नका. रेषा फक्त बंद आहेत.

टेबलच्या आत कुठेही क्लिक करा. वरच्या पट्टीत उजवीकडे दोन जादा टॅब उगवतील. त्यातला टेबल लेआउट उघडा (जुन्या वर्डमध्ये नुसतं लेआउट लिहिलेलं असतं, पानाचे मार्जिन असतात तो लेआउट वेगळा). तिथे डाव्या टोकाला ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ आहे, ते दाबा. तुटक रेषा दिसायला लागतील. एकदा चालू केलं की दुसऱ्या फाइलींतही चालू राहतं. होम टॅबवर बॉर्डर्सच्या बटणाशेजारच्या बाणातही हाच पर्याय मिळतो.

बरेच जण व्ह्यू टॅबमधल्या ‘ग्रिडलाइन्स’वर टिक करतात आणि सगळं पान आलेखाच्या कागदासारखं होतं. ती चित्रं जुळवायची जाळी आहे, टेबलशी तिचा संबंध नाही. टिक काढून टाका.

हे जादा टॅब आलेच नाहीत तर दोन शक्यता. फाइल मेलवरून आली असेल तर वर पिवळी पट्टी दिसते. ‘एनेबल एडिटिंग’ दाबा. नाहीतर ते टेबलच नाही, टॅब की मारून रकाने पाडलेत. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून बघा: शब्दांमध्ये बाण दिसले तर टॅब, टेबलच्या प्रत्येक घराच्या (सेलच्या) शेवटी बारीक गोल खूण दिसली तर टेबल.

वरचे जादा टॅब आले, ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ दाबलं, तरी रेषा नाहीत? मग बॉर्डर पांढऱ्या रंगाची दिलेली आहे. खरी बॉर्डर असेल तिथे वर्ड तुटक रेष दाखवत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या चार बाणांच्या चौकोनावर क्लिक करून पूर्ण टेबल निवडा, बॉर्डर्समध्ये ‘नो बॉर्डर’ करा.

आता रकमांचं. रेषा दिसल्यावर आधी एवढंच तपासा की प्रत्येक बाबीला स्वतंत्र ओळ आहे का. तुमच्या लक्षणांवरून मला वाटतं, सेवा शुल्क, सिंकिंग फंड, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, पार्किंग हे सगळं एकाच घरात एंटर मारून लिहिलंय, आणि शेजारच्या एका घरात सगळ्या रकमा. अशात ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ रकान्यात न मावून दोन ओळींत मोडलं, की पार्किंगची रक्कम ‘चार्जेस’समोर येते आणि पार्किंगसमोर कोरं राहतं. स्पेस मारून हे कधीच नीट होत नाही. शेवटच्या घरात कर्सर ठेवून टॅब दाबा, नवी ओळ येते. तेवढ्या ओळी वाढवून एकेक बाब आणि तिची रक्कम कट-पेस्ट करा. रकमा उजवीकडे टेकवा.

लिब्रेऑफिस असेल तर व्ह्यू मेनूमध्ये ‘टेबल बाउंडरीज’.

या तुटक रेषा छापून येत नाहीत, पीडीएफमध्येही नाही. सभासदांना दिलेल्या बिलावर रेषा हव्या असतील तर रकमांचा भागच निवडून ‘ऑल बॉर्डर्स’ द्या, जाडी अर्धा पॉइंट. वर सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक याच टेबलात असतील, तर त्या ओळी निवडीतून वगळा.