दहा दिवसांत सरकार पडलं, मग 36 वर्षं युद्ध

प्रश्न: सीआयएने अमक्या देशाचं सरकार पाडलं, तमक्याचं पाडलं, असं सारखं वाचतो. पडलं तर पडलं, पुढच्या निवडणुकीत लोक दुसरं आणतील की! 70 वर्षांनीही त्यावरून बोटं मोडायची हे जरा अतीच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पुढची निवडणूक होणारच असं तुम्ही धरून चाललात ना, गोम तिथेच आहे. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचं बघा. हाकोबो आर्बेन्स हा निवडून आलेला अध्यक्ष, त्याने 1952 मध्ये कायदा केला की मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन घेऊन भूमिहीनांना वाटायची. आता सगळ्यात मोठी जमीनदार कोण, तर युनायटेड फ्रूट ही अमेरिकन केळी कंपनी, आणि तिची बहुतेक जमीन पडीकच. भरपाई किती, तर कंपनीनेच टॅक्ससाठी जी किंमत दाखवली होती तेवढी, सुमारे 6 लाख 27 हजार डॉलर. अमेरिकेने मागितले 1 कोटी 58 लाख! (खरेदीखतात किंमत कमी दाखवून स्टॅम्प ड्युटी वाचवणाऱ्यांना हे दुखणं बरोबर कळेल.)

मग जून 1954 मध्ये सीआयएने हाताशी धरलेला ग्वाटेमालाचाच एक परागंदा कर्नल, कास्तियो आर्मास, पाचशेपेक्षाही कमी माणसं घेऊन घुसला. सीआयएचा रेडिओ सांगत सुटला, मोठी फौज येतेय, आम्ही इथल्याच जंगलातून बोलतोय. टेपा मायामीत रेकॉर्ड केलेल्या! लष्करातले अधिकारी घाबरले ते या माणसांना नाही, मागे उभ्या असलेल्या अमेरिकेला. दहा दिवसांत आर्बेन्सचा राजीनामा आला आणि देश सोडताना एअरपोर्टवर फोटोग्राफरांसमोर त्याला कपडे उतरवायला लावले.

आता तुमची पुढची निवडणूक. सत्तेवर बसलेल्या आर्मासने भूमिहीनांना वाटलेली जमीन काढून घेतली, निरक्षरांचा मताचा हक्क काढला म्हणजे बहुतेक गरीब बादच झाले, आणि मतदान घेतलं त्यात उमेदवार तो एकटाच. मतपेटीतून काही होत नाही म्हटल्यावर लोक बंदुकीकडे वळले, 1960 ते 1996 यादवी चालली, दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली, त्यात बहुतेक माया आदिवासी. सगळं पाप सीआयएच्या माथी मारू नका, तिथले जनरल आणि जमीनदारही काही कमी नव्हते, पण दार उघडून दिलं ते बाहेरच्याने.

1999 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन म्हणाले, यादवीतल्या लष्कराच्या दडपशाहीला साथ दिली ही आमची चूक. आर्बेन्स तोवर मेक्सिकोत मरून 28 वर्षं झाली होती. कंपनीची रेल्वेवरची मक्तेदारी मोडायला त्याने अटलांटिककडे जाणारा हायवे काढला होता, त्याला आता त्याचं नाव आहे.