गालफडं बसलीत, फिलर घेऊ का?

प्रश्न : ताई, मी ५३ वर्षांची, इंदिरानगरला राहते. दीड वर्षापूर्वी शुगर निघाली, तेव्हापासून भात-गोड कमी केलं, रोज पहाटे गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालते, १२ किलो वजन उतरलं. शुगर आटोक्यात आली पण चेहरा पार गेला, गालफडं बसली, डोळ्यांखाली खड्डे, जो भेटतो तो विचारतो बरं नाही का तुम्हाला. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे. आमच्या पार्लरवाल्या बाई म्हणतात फिलरचं इंजेक्शन मीच देते, स्वस्तात करते. सासूबाई म्हणतात या वयात कसले थेर. मागच्या अंकात तुम्ही फिलर घेतल्याचं लिहिलं होतं म्हणून विचारते, दुखतं का, किती टिकतं, हे नवीनच काहीतरी निघालंय का आणि वाईट काही होतं का?

उत्तर : आधी एकच सांगते, पार्लरमध्ये अजिबात घेऊ नका, फुकट दिलं तरी नको. फिलर, म्हणजे खड्डा भरायला कातडीखाली टोचतात तो पदार्थ, चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या वाहिनीवर जगणारी कातडी मरते, आणि नाकाच्या, कपाळाच्या आसपासच्या काही वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात त्यामुळे दृष्टीसुद्धा जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. हे फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा मिनिटं मोजावी लागतात, समोर डॉक्टर हवा आणि त्याच्या फ्रिजमध्ये हायल्युरोनिडेज हवं, म्हणजे फिलर विरघळवणारं औषध. पार्लरमध्ये यातलं काय असणार? स्किनचे एमडी किंवा प्लास्टिक सर्जन बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, आणि किंमत विचारायच्या आधी विचारा की हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का. मागवून घेऊ म्हणाले तर उठून या.

आता माझं सांगते. मी ५८ची. पाळी गेली त्यानंतर दोन-तीन वर्षांत माझे गाल बसले, डोळ्यांखाली खळगे पडले. पहिल्यांदा मी चुकीच्या ठिकाणी गेले. तिथे मी बोट दाखवलं की इथे खड्डा आहे आणि त्यांनी बरोबर तिथेच भरलं, दोन्ही डोळ्यांखाली. पंधरा दिवसांनी सूज गेली पण एक फुगीर निळसर पट्टा राहिला, तो कन्सीलरने झाकत मी सात महिने काढले, फोटो काढायचे टाळले, भाचीच्या हळदीला मागे मागे उभी राहिले. डोळ्याखालची कातडी फार पातळ असते, फिलर वरच्या थरात राहिलं की उजेड त्यातून विखुरतो आणि ती जागा निळी दिसते, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मधमाशी चावून कधी मोठी ॲलर्जी झाली होती का हे त्यांनी आधी विचारलं, कारण त्या विषातही हायल्युरोनिडेजसारखाच पदार्थ असतो, मग ते दिलं आणि दोन दिवसांत तो पट्टा गेला. खड्डा अर्थात परत आला, मला रडू आलं खरंच.

पण त्या बाईंनी पुढे जे सांगितलं ते मला आधीच कुणी सांगायला हवं होतं. वय होतं तशी नुसती कातडी सैल पडत नाही, आतलं हाडसुद्धा झिजतं, डोळ्याची खोबण रुंदावते, वरच्या जबड्याचं हाड मागे सरकतं, गालातल्या चरबीच्या गाद्या आटतात, बायकांमध्ये पाळी गेल्यावर हाडाची झीज वाढते. माझं माहेर दिंडोरीकडचं, मी लगेच म्हटलं म्हणजे द्राक्षबागेतला मंडप बसावा तसं, खांब खचला की तार सैल होते आणि वेल लोंबतो, मग वेलाला काय करणार, खांबच उचलायला हवा. अगदी तसंच, त्या म्हणाल्या. म्हणून त्यांनी डोळ्याखाली हातच लावला नाही, गालाच्या हाडावर खोल, दोन्ही बाजूंना मिळून एक सिरिंज, म्हणजे १ मिली भरलं. १ मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, एवढंसंच, पण डोळ्याखालचा खळगा त्यानेच निम्म्याने कमी झाला. महिन्याने बघून अजून अर्धी सिरिंज. तुमची तर चरबीही वजनाबरोबर उतरलीय, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. क्रीमने हे भरून येत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दुखतं थोडं. सुन्न करायचं क्रीम लावतात, बऱ्याच फिलरमध्ये भूल मिसळलेलीच असते. मला दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवला. दोन-तीन दिवस सूज होती आणि एका गालावर काळंनिळं होतं ते आठ-दहा दिवसांनी गेलं. टिकतं सहा महिने ते दीड वर्ष, जागा कुठली आणि फिलर कुठलं त्यावर. माझे सिरिंजला २८,००० गेले आणि हा खर्च परत परत येतो, घरात तसं सांगूनच ठेवा.

नवीन म्हणाल तर तसं नवीन नाही. १९८१ला अमेरिकेत गायीच्या कोलॅजेनच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली होती, पण आधी हातावर टेस्ट लागायची आणि तीन-चार महिन्यांत ते संपायचं. आपल्या कातडीत मुळात असतं त्या हायल्युरोनिक ॲसिडच्या रेस्टिलेन या फिलरला तिकडे २००३च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. तुम्ही पहिल्यांदा घेताय तर हायल्युरोनिक ॲसिडचंच घ्या, कारण हायल्युरोनिडेजने विरघळतं ते तेवढंच. रेडिएस, स्कल्प्ट्रा ही दुसऱ्या पदार्थांची फिलरसुद्धा चांगली असतील पण बिघडलं तर हायल्युरोनिडेज त्यांच्यावर चालत नाही. आणि सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर फोडायला सांगा, त्यातलं लॉट नंबरचं स्टिकर स्वतःच्या फाइलला लावून घ्या.

तुमची शुगर आहे म्हणून एचबीए१सीचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, शुगर वाढलेली असली तर इन्फेक्शनची भीती. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, तुमच्या फिजिशियनला विचारूनच. ओठावर तापाचे फोड उठायची सवय असेल तर आधी सांगा. दातांचं काही काम असेल तर ते आधी उरकून घ्या, निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं. घरी आल्यावर कुठे कातडी पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग उठले, दुखणं वाढत गेलं किंवा डोळ्याला अंधुक दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच डॉक्टरला गाठा.

वजन अजून उतरतंय का ते मात्र तुम्ही लिहिलं नाही. उतरत असेल तर थांबा, ते दोन-तीन महिने एका जागी राहू द्या, नाहीतर आज भरलेलं उद्या कमीच पडेल. आणि लोंबलेली हनुवटीची कड फिलरने वर जात नाही. ती उचलायला म्हणून कुणी चार-पाच सिरिंज सांगितल्या तर नाही म्हणा, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि पैठणीवर तो जास्तच दिसतो.

सासूबाईंचं म्हणाल तर, तुम्ही पहाटे उठून चाललात, जिभेवर ताबा ठेवलात, शुगर खाली आणलीत, आणि वर लोक विचारतात की बरं नाही का. याचा जीवाला किती त्रास होतो ते मला माहितीय. तब्येत सुधारलीय ती चेहऱ्यावरही दिसावी असं वाटणं म्हणजे थेर नाहीत. नाही घेतलं तरी काही बिघडत नाही, पण घ्यायचं तर लाजत, लपवत घाईघाईने घेऊ नका, त्याच घाईत माणूस पार्लर गाठतो.

लग्न डिसेंबरात म्हणजे पहिली सिरिंज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, गरज लागली तर उरलेलं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्यानंतर काहीही नाही. डॉक्टरांकडे जाताना तुमचा दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो न्या, गाल तेव्हा कसे होते ते त्यांना त्यावरून कळतं.

— तुमच्यासारखीच एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक