सरासरी वेगासाठी विकलनाची गरज नाही

तुमच्या प्रश्नातील कणाचे स्थान स(क) = क³ − ६क² + ९क असे दिले असून (क सेकंदांत, स मीटरमध्ये) क = ० ते क = ४ या अवधीतील सरासरी वेग विचारला आहे. तुम्ही विकलन करून (म्हणजे स्थान कोणत्या दराने बदलते ते काढून) व(क) = ३क² − १२क + ९ हा वेग काढलात, दोन्ही टोकांना तो ९ आला, आणि त्यांची सरासरी म्हणून ९ मीटर प्रति सेकंद असे उत्तर लिहिलेत; पुस्तकात मात्र १ आहे. पुस्तकातील उत्तर बरोबर आहे. विकलनही तुम्ही अचूक केले आहे, पण या प्रश्नात त्याचे काही काम नव्हते.

सरासरी वेग म्हणजे विस्थापन (शेवटच्या व सुरुवातीच्या स्थानातील फरक) भागिले काळ. त्यासाठी फक्त सुरुवातीचे आणि शेवटचे स्थान लागते: स(०) = ०, स(४) = ६४ − ९६ + ३६ = ४, म्हणून (४ − ०) ÷ (४ − ०) = १ मीटर प्रति सेकंद. आलेखावर हा त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या छेदिकेचा चढ होय.

टोकांच्या वेगांची सरासरी घेण्याची सवय बहुधा भौतिकशास्त्रातून येते, कारण त्वरण (वेग बदलण्याचा दर) स्थिर असेल तेव्हा ती रीत खरोखरच चालते. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विद्वानांनी हा नियम चौदाव्या शतकातच मांडला होता. येथे मात्र त्वरण ६क − १२ आहे, म्हणजे ते सतत बदलते. वेग ९ वरून उतरत क = १ ला शून्य होतो, क = २ ला −३ पर्यंत जातो, क = ३ ला पुन्हा शून्य होतो आणि मग ९ पर्यंत चढतो. मधला हा सगळा उतार टोकांच्या दोन संख्यांना दिसतच नाही.

याच उदाहरणात सरासरी चालही, म्हणजे दिशा न पाहता एकूण अंतर भागिले काळ, काढून पाहा, असा माझा आग्रह आहे. कण ४ मीटर पुढे जातो, ४ मीटर मागे येतो आणि पुन्हा ४ मीटर पुढे जातो. एकूण अंतर १२ मीटर, म्हणून सरासरी चाल ३ मीटर प्रति सेकंद. दिशा कोठे बदलते हे शोधण्यासाठी व(क) = ० सोडवावे लागते, आणि तुम्ही केलेले विकलन तेथे नक्की उपयोगी पडेल.