गोठ्यातल्या गोचिडीमुळे माणसालाही ताप येतो का?

येतो. गाईंच्या गोचिडी रोज हातानं काढतो, त्यानं घरच्यांना काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरात झालंय, म्हणून लिहितोय.

आम्ही वाळवा तालुक्यातले, दारात पाच संकरित गाई. धार काढायच्या आधी आई कासेजवळच्या, कानातल्या, शेपटीच्या बुडातल्या गोचिडी वेचायची आणि नखानं चिरडायची. दोन वर्षांमागं तिला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायचं. डेंगी, मलेरिया, टायफॉईड, कशातच काही निघेना. सलाईन झालं, अँटिबायोटिक झालं, ताप हलेना. सहाव्या दिवशी तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ उठलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा हात उलटा करून बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं, कुत्रं आहे का?"

रिकेट्सिया नावाच्या जिवाणूचा ताप होता. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत उतरला. औषध स्वस्तातलं, पण पेनिसिलिनसारखी नेहमीची औषधं या जिवाणूवर चालत नाहीत, आणि तिचे सहा दिवस त्यातच गेले. म्हणून कुणाला ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. गोठा आहे, गोचिडी काढतो, दारात कुत्रं आहे, हे आधी सांगा. हा ताप बऱ्याचदा कुत्र्याच्या गोचिडीतून येतो.

आणि चिरडणं आजपासून बंद करा. गोचिडीच्या पोटातलं रक्त नखाजवळच्या चिरेतून आपल्या अंगात जातं. गुजरातेत २०११ साली काँगो तापानं माणसं दगावली, तो विषाणू गोचिडीतून आणि जनावराच्या रक्तातून येतो. आपल्याकडं सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडताप पसरला, तोही रानातल्या गोचिडींमुळे.

हातमोजे घाला, चिमट्यानं काढा, साबणाच्या पाण्यात टाका. माणसाला चिकटली तर कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चटका काही नको.

नुसत्या गाईवर फवारून भागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भेगेत हजारो अंडी घालते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून औषध गाईवर आणि गोठ्यात, दोन्हीकडं मारा. आम्ही भिंती लिंपायला घेतल्या तेव्हा गव्हाणीमागच्या एका भेगेतून राजगिऱ्याहून बारीक, तपकिरी अंड्यांचा ढीग निघाला. आई रोज तिथंच टेकून बसायची.