वाचक विचारतात : कुणाचं स्टेडियम, कुणाचं शहर?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र मंगळवार पेठेतले. एक लिव्हरपूल क्लबचा समर्थक, दुसरा मँचेस्टर युनायटेडचा. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये माणसं जास्त, म्हणून आवाजही तिथलाच मोठा, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डसारखा आवाज कुठेच नाही. याचा निकाल मोजून लावता येतो का?
– दोन वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतो, पण आधी माणसांची संख्या बाजूला ठेवा. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये सुमारे ७४ हजार बसतात, ॲनफिल्डमध्ये सुमारे ६१ हजार. १३ हजारांचा फरक ऐकायला मोठा वाटतो, पण आवाजाचं गणित वेगळं आहे. तेवढ्याच जोरात ओरडणारी माणसं दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. त्या हिशेबानं ७४ आणि ६१ हजारांतला फरक एक डेसिबलसुद्धा भरत नाही, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. म्हणजे आवाज ठरतो तो किती माणसं आली यावर कमी, आणि ती कुठे बसली, एका तालात गातात का, डोक्यावर काय आहे, यावर जास्त.

ॲनफिल्डचा कोप स्टँड, म्हणजे एका गोलामागची प्रेक्षकांची बाजू, इथे वरचढ ठरतो. सलग एकच उतार, वर एकच छत आणि त्याखाली १२ हजारांहून जास्त माणसं. छताला आपटलेला आवाज मैदानाकडे परत येतो. आपल्या शाहू स्टेडियमच्या उघड्या पायऱ्यांवर तेवढीच माणसं तितक्याच जिवानं ओरडली तरी बराचसा आवाज आभाळात जातो. त्यात समर्थकांचा दोष काही नाही, छतच नाही. दुसरी गोष्ट तालाची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून मैदानाच्या या टोकाचं गाणं त्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. दोन्ही टोकं एकच गाणं म्हणायला लागली की शब्द एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. एकाच उतारावर खांद्याला खांदा लावून बसलेल्यांचं तसं होत नाही. हलगीभोवती गोळा झालेल्या पोरांचा आवाज पसरलेल्या गर्दीपेक्षा धारदार का लागतो, त्याचंही कारण हेच.

मोजायचंच असेल तर मोबाईलचं ॲप चालेल, पण पथ्यं पाळा. फोन एकच हवा, कारण दोन कंपन्यांचे माइक एकसारखा आकडा देत नाहीत. गाणाऱ्यांपासूनचं अंतर दोन्हीकडे तेवढंच ठेवा. दहा मीटरवरून आणि पन्नास मीटरवरून घेतलेल्या आकड्यांची तुलना होत नाही. गोल झाल्याक्षणीचा सर्वांत मोठा आकडा धरू नका, खेळ चालू असतानाची पाच मिनिटांची सरासरी घ्या. फोन हातात धरला की बोट बहुतेक वेळा माइकवर येतं, तेवढं सांभाळा. आणि साधा मोबाईल फार मोठ्या आवाजात दमतो, पुढचं मोजतच नाही. आकडा वर जाऊन तिथेच चिकटला तर तो सोडून द्या.

आता कोपबद्दल एक गोष्ट जी कोल्हापूरच्या लिव्हरपूलवाल्यांना माहीत असायलाच हवी. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कोप टेकडीवरून आलं. तिथे जानेवारी १९०० मध्ये इंग्रज आणि बोअर (तिथले डच वंशाचे वसाहतवाले) यांची लढाई झाली. जखमींना डोल्यांवरून वाहणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते. १९०६ मध्ये ॲनफिल्डला उतार बांधला गेला तेव्हा त्याला त्या टेकडीचं नाव मिळालं. १९९४ पर्यंत इथे लोक उभ्यानं सामना बघत, आणि खुर्च्यांपेक्षा दुपटीनं माणसं मावत. १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक गेले. एकूण बळी ९७. त्यानंतर इंग्लंडच्या वरच्या विभागांत सगळीकडे खुर्च्या सक्तीच्या झाल्या. म्हणून "पूर्वी आवाज जास्त होता" असं जुने लोक म्हणतात तेव्हा ते खोटं नसतं, पण त्या आवाजाची किंमत फार मोठी होती.

माझा निकाल : मोठेपणा ओल्ड ट्रॅफर्डचा, आवाज ॲनफिल्डचा. पण तो मोठेपणाही चारी बाजूंना सारखा नाही. ओल्ड ट्रॅफर्डची दक्षिण बाजू बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, कारण तिच्या पाठीला रेल्वेचे रूळ लागून आहेत. म्हणूनच तिथे वर मजले चढले नाहीत.

प्रश्न : मँचेस्टर सिटीचा समर्थक मित्र म्हणतो, ओल्ड ट्रॅफर्ड मँचेस्टरमध्ये नाहीच. खरं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नगरपालिकेच्या नकाशावर खरं आहे. ते ट्रॅफर्ड नावाच्या शेजारच्या पालिकेत येतं. पण हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं ऐकलेल्या कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला नको. विमानतळ उजळाईवाडीत आहे, म्हणून तो कोल्हापूरचा नाही असं कुणी म्हणत नाही. युनायटेडचा जन्म १८७८ चा, न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचा संघ म्हणून, आणि ते ठिकाण मँचेस्टरातच. ओल्ड ट्रॅफर्डला ते १९१० मध्ये गेले. सिटीचं आजचं स्टेडियम मुळात २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभं राहिलं. नंतर धावपट्टी काढून जमीन खाली खणली आणि खाली खुर्च्यांचा आणखी एक टप्पा बसवला. त्यामुळे पहिली रांग मैदानाला भिडली.

मित्राला आणखी एक सांगा. लिव्हरपूल आणि मँचेस्टरची ईर्षा चेंडूच्या आधीची आहे. मँचेस्टरचा कापूस लिव्हरपूलच्या बंदरातून यायचा आणि बंदराची पट्टी भरावी लागायची. ती चुकवायला मँचेस्टरनं समुद्रापर्यंत सुमारे ५८ किलोमीटरचा जहाजी कालवा खणला, तो १८९४ मध्ये सुरू झाला. युनायटेडच्या बोधचिन्हावरचं जहाज मात्र या कालव्याचं नव्हे. ते शहराच्या मानचिन्हातून आलं, आणि ते मानचिन्ह १८४२ चं आहे. ही चूक बरेच जण करतात.

प्रश्न : पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा हे आपले तालीम संघ सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात. इटलीतल्या मिलान आणि इंटर या क्लबांचंही मैदान एकच. मग घरचं मैदान म्हणायचं कशाला?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : तिथे घर कागदावर ठरतं. त्यांचं ते मैदान, सान सिरो, १९२६ मध्ये मिलान क्लबसाठी उघडलं, इंटर १९४७ पासून तिथे खेळतो. दक्षिणेचा गोलामागचा भाग मिलानवाल्यांचा, उत्तरेचा इंटरवाल्यांचा. दोघांची गाठ पडते तेव्हा यजमान जो, बहुतेक तिकिटं त्याच्या समर्थकांना. आपल्याकडे ही वाटणी तिकिटावर नसते, बसण्याच्या सवयीवर चालते. म्हणूनच दोन तालमींचे समर्थक एकाच पायऱ्यांवर आले की पोलीस मध्ये उभे करावे लागतात.

सामायिक मैदानाचा खरा मार गवताला बसतो. १९९० च्या विश्वचषकासाठी सान सिरोवर तिसरा मजला आणि छत चढलं, तेव्हापासून गवताला ऊन आणि वारा कमी पडला. वरचेवर हिरवळ बदलावी लागली. पुढे कृत्रिम धागे जमिनीत खोलवर टोचून नैसर्गिक गवत त्यात गुंफलं, तेव्हा पकड सुधारली. स्पेनच्या रेआल माद्रिदनं आपल्या बर्नाबेऊ स्टेडियममध्ये वेगळी वाट धरली. मैदानाचे लांबट तुकडे करून ते खाली तळघरात उतरवतात, आणि तिथे दिवे-पाणी देऊन गवत जगवतात.

कोल्हापुरात उन्हाची कमी नाही. आपल्याकडे माती दाबली जाते आणि पाणी मुरत नाही. तुमच्या गावच्या मैदानावर हे तपासायला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, वरखाली दोन्ही बाजूंनी कापा, ५ सेंटीमीटर जमिनीत ठोका. एकदा पाणी भरून मुरू द्या, मग पुन्हा भरून तासात पाणी किती खाली जातं ते पट्टीनं मोजा. गोलसमोर, मध्यभागी आणि कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी करा. गोलसमोर पाणी थांबतं आणि कोपऱ्यात मुरतं, असं दिसलं तर माती वाईट नाही, पायांनी दाबली गेली आहे. तिथे काटेरी फावड्यानं १० सेंटीमीटर खोल भोकं पाडून त्यात वाळू भरायची. तिन्हीकडे पाणी थांबलं तर चिकण काळी माती आहे, आणि भोकं पाडून भागणार नाही. चर खणून पाणी बाहेर काढावं लागेल. भोकं ओल असताना पाडा, पण चिखल असताना नव्हे, नाहीतर भोकाच्या कडा लिंपल्या जातात आणि पाणी आणखीच अडतं. गवत हरळीचंच ठेवा. ती उन्हात पसरते, तुडवली तरी उठते. युरोपातलं रायगवत आपल्या उन्हाळ्यात तग धरत नाही.

प्रश्न : एकाच सहलीत ॲनफिल्ड आणि ओल्ड ट्रॅफर्ड, दोन्हीकडे सामना बघायचा आहे. काय सांभाळावं?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : वेळापत्रक जूनमध्ये येतं, पण टीव्हीसाठी तारखा आणि वेळा पुढे बदलतात. शनिवारचा सामना रविवारी किंवा सोमवारी गेलेला असतो. म्हणून विमानाचं तिकीट सामन्याच्या दिवसाला चिकटवू नका, दोन्ही बाजूंना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. सामन्याची तिकिटं क्लबच्या सदस्यत्वातूनच घ्या. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय तिकीट विकणं गुन्हा आहे, आणि असं तिकीट रद्द झालं तर तुम्ही फाटकाबाहेर. यजमानांच्या भागात पाहुण्या संघाचा टी-शर्ट घालून बसलात तर बाहेर काढतात. पाहुण्यांचा कोपरा वेगळा, साधारण ३ हजार जागांचा.

दोन्ही शहरांमध्ये ५० किलोमीटरचं अंतर आहे, आगगाडीनं तासाच्या आसपास. लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीटवरून ॲनफिल्ड चालत तीन-साडेतीन किलोमीटर पडतं. नाहीतर सँडहिल्सपर्यंत लोकल आणि तिथून सामन्याची बस. मँचेस्टरात मात्र ट्राममधून उतरताना नाव नीट वाचा. "ओल्ड ट्रॅफर्ड" थांबा क्रिकेटच्या मैदानाला खेटून आहे, तिथून फुटबॉलचं स्टेडियम दहा मिनिटांच्या चालीवर. वेळ थोडा असेल तर वॉर्फसाइडला उतरा.