'फंगॉइडीस'मध्ये बुरशी नाही

प्रश्न आहे : 'मायकोसिस फंगॉइडीस'ला मराठीत 'बुरशीजन्य त्वचाकर्करोग' म्हणावं का?

अजिबात नाही. 'फंगॉइड्स'ही म्हणू नका. शेवटचा 'ईस' हे इंग्रजी अनेकवचन नव्हे, ग्रीक विशेषणाचं एकवचनी शेपूट आहे.

हा त्वचेतल्या टी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, कर्करोग (लिम्फोमा). पॅरिसच्या आलिबेर या डॉक्टरने 1806 मध्ये पहिला रोगी नोंदवला, 1832 मध्ये हे नाव दिलं. अंगावरच्या गाठी त्याला अळंबीसारख्या दिसल्या, एवढंच. ग्रीक 'मायकेस' म्हणजे अळंबी, लॅटिन 'फंगस' म्हणजेही अळंबी. थोडक्यात, अळंबीसारखी अळंबी!

खरी मौज 'ऑइड'मध्ये. ग्रीक 'एइदोस' म्हणजे रूप, दिसणं. त्याच्या तोंडचा 'व' ग्रीकांनी गिळला, म्हणून नातं ओळखू येत नाही. पण धातू तोच, आपला 'विद्'. वेद, विद्या आणि लॅटिनमार्गे आलेला 'व्हिडिओ' ही सगळी एकाच घरची. जो प्रत्यय 'दिसतं तसं' एवढंच सांगतो, त्याचं भाषांतर 'जन्य'? 'कवकाभ' सुचवणाऱ्यांचा 'आभ' (सारखं दिसणारं) चोख आहे, पण 'कवक' फसतं. संस्कृतात कवक अळंबीच होती. परिभाषाकारांनी तिच्यात यीस्टपासून गजकर्णाच्या बुरशीपर्यंत सगळं कोंबलं. मी 'अळंबीसम लिम्फोमा' म्हणेन.

चुकीच्या नावाने घोळही होतो. फ्रेंच डॉक्टर बाझँने 1870 मध्ये चट्टे, जाड चकते, गाठी असे तीन टप्पे मांडले. पुष्कळ रोगी वर्षानुवर्षं चट्ट्यांपुढे जातच नाहीत. चट्टे बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी, नितंबांवर, मांड्यांवर येतात आणि इसब किंवा गजकर्ण म्हणून खपतात. बुरशीवरच्या मलमाने काही होत नाही. स्टेरॉइडच्या मलमाने चट्टा फिकटतो, पण बायोप्सीत खुणा पुसट होतात. म्हणून ते साधारण 2 ते 4 आठवडे आधी थांबवून एकाहून अधिक जागांचे तुकडे घेतात.

'त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा' हाही पर्याय नव्हे. ती 1975 मध्ये उघडलेली छत्री आहे. तिच्याखाली सेझारी सिंड्रोमसारखे इतर आजारही येतात.

आणि नावं ठेवायचीच तर 'पोत्रिएचं सूक्ष्मगळू' घ्या. या रोगात बाह्यत्वचेत दिसणारा तो पुंजका. गळू म्हटलं की पू हवा. इथे असतात मुख्यतः लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशींच्या कुळातल्या पांढऱ्या पेशी. शिवाय तो पोत्रिएच्या आधी दारिएने पाहिला होता.