लोज्बानमध्ये आधी गिस्मु पाठ करावेत की श्मावो?

तुम्ही विचारलंय की लोज्बान या मुद्दाम घडवलेल्या भाषेचे सहाशे गिस्मु, म्हणजे मूळ अर्थाचे शब्द, पाठ झाले तरी एक वाक्य धड जुळत नाही, आणि यातलं नाम कुठलं, क्रियापद कुठलं हे ओळखायचं कसं. दुसऱ्या भागाचं उत्तर लगेच देते: ओळखायचंच नाही. ती विभागणी लोज्बानमध्ये नाही. 'क्लामा', म्हणजे जाणं, हा गिस्मु घ्या. कोण जातो, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने, अशा पाच जागा त्याला आहेत. पुढे 'लो' लावलं की जाणारा, 'लो से' लावलं की जिथे जायचं ते ठिकाण. क्लामा आहे तसाच राहतो, सगळं काम श्मावो, म्हणजे 'लो', 'से' यांसारखे वाक्य जुळवणारे छोटे शब्द, करतात.

आता पहिला भाग. यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही. दादा ग्वाल्हेरचा, सुट्टीत आमच्याकडे इंदूरला रामबागेत यायचा. त्याचं म्हणणं एकच, आधी सगळे गिस्मु घोटून घ्यायचे, साडेतेराशेच्या आसपास तर आहेत, बाकीचं आपोआप येतं. शिवाय ज्या सहा भाषांमधून गिस्मु घडवले त्यांत हिंदी आहे, म्हणजे आपलं अर्धं काम झालेलंच. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. 'ब्लानु' म्हणजे निळा. अर्थ कळल्यावर त्यात 'नीला' शोधून काढता येतो, त्याआधी नाही.

एका रात्री ठरलं, घरापासून सराफ्यापर्यंत, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारापर्यंत, फक्त लोज्बानच बोलायचं. वाटेत दादा दिसेल त्या वस्तूचं नाव धडाधड सांगत होता, आणि खरंच एकही चुकला नाही. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईपाशी पोचलो आणि त्याला म्हणायचं होतं, मला खायचंय. म्हणाला, "मी जिशा शित्का." (लोज्बानमध्येही मी म्हणजे मीच.) जिशा म्हणजे हवं असणं, शित्का म्हणजे खाणं, दोन्ही बिनचूक. पण दोन गिस्मु शेजारी आले की पहिला दुसऱ्याला चिकटतो आणि त्याचा प्रकार सांगतो. म्हणजे दादाने जाहीर केलं की तो इच्छा-छापाचा खाणारा आहे! हवं होतं "मी जिशा लो नू शित्का", म्हणजे मला खाण्याची क्रिया हवी आहे. ते 'लो नू' त्याच्या पाठांतराच्या कार्डांवर नव्हतंच, कारण ते श्मावो. मी सांगितलं तर म्हणतो, "अगं, तुला कळलं ना? मग झालं." इथे माझं डोकं फिरलं. वाक्याची रचना एकाच रीतीने लावता यावी, यासाठी तर ही भाषा घडवली. अंदाजानेच समजून घ्यायचं असेल तर मराठी आहेच की, आणि ती आपल्याला जास्त चांगली येते.

म्हणून तुम्हालाही तेच सांगते. कार्डं महिनाभर बाजूला ठेवा. लो, ला, शु, नू, से, ना असे रोज लागणारे श्मावो आधी घ्या आणि मोजक्याच गिस्मुंवर ते चालवून बघा. 'लो म्लातु शु शित्का' म्हणजे मांजर खातं. त्यातला 'शु' गाळा, वाक्यच उरत नाही, नुसता मांजर-छापाचा खाणारा उरतो. आणि गिस्मु पाठ कराल तेव्हा त्याच्या जागांसकट करा. 'तावला' म्हणजे बोलणं, एवढंच लिहिलेलं कार्ड फाडून टाका. कोण, कोणाशी, कशाबद्दल, कोणत्या भाषेत, हे चारही त्यावर हवं.

शब्दाचा प्रकार ओळखणं सोपं आहे, फक्त शब्द रोमन लिपीत लिहून बघायचा. शेवटी व्यंजन असेल तर ते नाव, म्हणून इंदोर आहे तसं चालतं आणि वडोदऱ्याला शेवटी एखादं व्यंजन जोडावं लागतं. शेवटी स्वर आणि सुरुवातीच्या पाच अक्षरांत जोडव्यंजन असेल तर ब्रिव्ला, म्हणजे अर्थ वाहणारा शब्द. गिस्मु, लुज्वो (जोडशब्द), फुहिव्ला (दुसऱ्या भाषेतून घेतलेले शब्द) हे तिन्ही त्यातच येतात, आणि गिस्मु नेहमी पाच अक्षरांचा. उरले ते श्मावो. गंमत म्हणजे 'श्मावो' हा शब्द स्वतः गिस्मु आहे.

एक मात्र मान्य करायला हवं. लोज्बानमधला मजकूर दादा कोश न उघडता वाचतो, मला उघडावा लागतो. लुज्वो गिस्मुंच्या तुकड्यांपासून बनतात, त्यामुळे ते फोडतानाही त्याचं पाठांतर कामी येतं. तुम्हाला फक्त वाचायचंच असेल, तर त्याच्या वाटेने गेलात तरी चालेल.